पुढची ओळ रविवारी

बाबासो पेंटरचं अक्षर असं, की त्यानं भिंतीवर 'येथे थुंकू नये' लिहिलं तर तोंडात पान असलेला माणूस थुंकायचं विसरून अक्षराकडंच बघत उभा राहायचा. त्या अक्षरापायीच पेठेतल्या तरुण मंडळानं चौकातला फळा त्याच्या ताब्यात दिला. आता कोल्हापुरात चौकातला फळा म्हणजे काय चीज आहे, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. पेपर घरी येवो न येवो, सकाळी दुधाची किटली घेऊन निघालेला माणूस फळा वाचल्याशिवाय पुढं सरकत नाही. कुणाचं निधन झालं, रक्षाविसर्जन कधी, कुठल्या गल्लीला पाणी नाही, कुस्त्यांचं मैदान कुठं, सगळं तिथं खडूनं लिहिलेलं असतं. आणि फळ्यावर आलं म्हणजे आलं, त्यावर शंका काढायची नाही. बाबासोच्या आधी जो लिहायचा, त्यानं एकदा चुकून एका धडधाकट म्हाताऱ्याचं नाव निधनात लिहिलं होतं. म्हातारा स्वतः ते वाचून घरी गेला आणि बायकोला म्हणाला, "फळ्यावर आलंय, आता काय करायचं?"

फळ्याचं काम मानाचं, पोटाचं काम वेगळं. पोटासाठी बाबासो पाट्या रंगवायचा आणि अझीमच्या रिक्षात बसून भोंग्यावरनं जाहिराती पुकारायचा. अझीम त्याचा शाळेपासूनचा दोस्त. रिक्षा अझीमची, भोंगा अझीमचा, आवाज बाबासोचा. पण ते साल सत्त्याण्णव. घरोघर केबल आलेली, माणसं टीव्हीसमोर चिकटलेली. रस्त्यावरनं कोण काय ओरडत गेलं, याच्याकडं कुत्रंसुद्धा मान वर करून बघत नव्हतं. 'भव्य सेल, भव्य सेल' करून बाबासोचा घसा बसायचा, आणि ज्याचा सेल तो दुकानदार संध्याकाळी विचारायचा, आज फिरलासा का न्हाई?

मग एक दिवस वायर निसटली.

झालं काय, की गैबीभाईंच्या चपलांच्या दुकानाची जाहिरात होती. गैबीभाई म्हणजे थंड माणूस. दुपारी दुकान बंद करून झोपायची त्यांची पिढ्यान्पिढ्यांची रीत. ती मोडून त्यांनी दुकान दुपारीही उघडं ठेवायचं ठरवलं होतं, एवढीच काय ती बातमी. बाबासो भोंग्यावर म्हणाला, "चपलांचे प्रसिद्ध व्यापारी गैबीभाई यांनी अखेर निर्णय घेतला आहे, की" आणि तिथंच माईकची वायर सुटली. रिक्षा अख्ख्या गल्लीतनं मुकी गेली. आत बाबासो जीव तोडून बोलतोय, बाहेर टिपूस नाही.

मागं वळून बघतो तर बायका दारात आलेल्या. टीव्ही तसाच सोडून माणसं बनियनवर बाहेर पडलेली. कसला निर्णय घेतला म्हणे गैबीनं? दुकान विकालाय काय? गल्फला निघाला? का आणखी कुणाशी निकाह लावालाय? संध्याकाळी गैबीभाईंच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. आलेला माणूस विचारपूस करायचा, आणि नुसतंच विचारून जायचं बरं दिसत नाही म्हणून एक जोड चपला घेऊन जायचा. गैबीभाईंनी बाबासोला बोलावून मिठी मारली. मिठीतनं सुटल्या सुटल्या बाबासोच्या डोक्यात उजेड पडला.

त्यानं तो उजेड अझीमला समजावून सांगितला. माणसाला सगळं सांगितलं की तो मान डोलावून झोपतो. अर्धं सांगितलं की उरलेलं अर्धं त्याच्या पोटात खाजवत राहतं. ती खाज मिटवायला तो उठतो, चालत येतो, दुकानाची पायरी चढतो. आपण फक्त खाज सुटायची व्यवस्था करायची. अझीमला हे काही फारसं पटलं नाही. तो म्हणाला, खाजवायला आलेला माणूस मलम मिळालं नाही तर शिव्या घालणार. बाबासो म्हणाला, घालू दे की, दुकानात येऊन घालतोय नव्हं?

त्या दिवसापासनं बाबासोनं वायर स्वतःच्या हातानं उपसायला सुरुवात केली. आणि भोंगा कमी पडतोय म्हणून हळूच फळ्याचा डावा कोपरा जाहिरातींना लावला. मंडळाला वर्गणी मिळत होती, त्यामुळं मंडळ गप्प. 'गगनबावड्याला गेलेला माणूस भर पावसाळ्यात कोरडा परतला! कसा? उद्या वाचा.' दुसऱ्या दिवशी खाली रेनकोटच्या दुकानाचा पत्ता. 'पन्हाळ्यावर तिन्हीसांजेला जोडप्याला जे दिसलं...' पुढं टिंबं. दुसऱ्या दिवशी कळायचं की जोडप्याला हॉटेल दिसलं, तिथं झुणका-भाकरी चांगली मिळते. 'आखाड्यात उतरायच्या आधीच पैलवान घामाघूम!' हे पंख्याच्या दुकानाचं. लोक चिडायचे, हसायचे, थू म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी किटली घेऊन पुन्हा फळ्यापुढं हजर व्हायचे. बाबासोला पेठेत मान चढला. चहाच्या गाड्यावर गेला की कोणी ना कोणी विचारणारच, उद्या काय सोडालायसा पेंटर?

घरात मात्र त्याचं कौतुक नव्हतं. बायको मीनाबाई. दर रविवारी सगळं घर विहारात जायचं, पंचशील म्हणायचं. चौथं शील आलं, खोटं बोलण्यापासून अलिप्त राहीन, की मीनाबाई डोळे न उघडता नवऱ्याला कोपरानं ढोसायची. बाबासोनं त्यावर उत्तर तयार ठेवलं होतं. खोटं कुठं बोलतोय मी? अर्धं बोलतोय. अर्ध्याबद्दल शिलात काही सांगितलेलं नाही. शिवाय त्यानं आपल्यापुरता एक नियमही करून घेतला होता, आणि तो सगळ्यांना छाती पुढं काढून सांगायचा: मरण आणि आजारपण, या दोन गोष्टींवर जाहिरात करायची नाही. कारण फळ्याच्या उजव्या बाजूला खरी निधनं असायची, तिथं गफलत व्हायला नको. धंद्याला नीती पाहिजे, असं तो म्हणायचा. मरण आणि आजारपण सोडून बाकी दुनिया मोकळी.

लग्नाचं त्याच्या ध्यानात आलं नाही.

त्या उन्हाळ्यात त्याच्या स्वतःच्या घरात लग्न होतं. एकुलती एक पोरगी निशा, बी.ए. झालेली, बोलायला बापाच्या एकदम उलटी. विचारलं तेवढं सांगायची, आणि सांगितलं ते पुरं सांगायची. कागलच्या आण्णांचा मुलगा प्रसेनजीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, त्याच्याशी तिचं ठरलेलं. पोरगा निर्व्यसनी, घर चांगलं, दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं. बाबासोला दुसरं काही नको होतं. पोरगी चांगल्या घरी पडावी, एवढ्याचसाठी तो दिवसभर उन्हात भोंग्यामागं घसा फोडत होता. आण्णा तेवढे स्वभावानं कडक. साखर कारखान्यात वजनकाट्यावर जन्म गेलेला, त्यामुळं शब्दसुद्धा तोलून घेणारा माणूस.

आणि नेमका लग्नसराईच्या तोंडावर हंबीरराव आला. हंबीररावचं साड्यांचं मोठं दुकान. त्यानं काचेच्या कपाटात बनारसी शालू मांडून ठेवलेले, आणि गिऱ्हाईक सगळं शेजारच्या दुकानात चाललेलं. त्याला असं काहीतरी पाहिजे होतं, की पेठेतली प्रत्येक बाई रात्रंदिवस फक्त त्याचाच विचार करत राहिली पाहिजे. बाबासोनं डोळे मिटले, उघडले, आणि खडू उचलला.

सोमवारी सकाळी फळ्यावर ओळ आली: 'पेठेतल्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं! कारण ऐकून सुन्न व्हाल. पुढची ओळ रविवारी.'

रविवारची ओळ तयार होतीच: 'कारण नवरीचा शालू हंबीररावांच्या दुकानातला नव्हता.'

तुम्ही म्हणाल, घरात लग्नाची पोर असताना या बाबाला हे लिहिताना हात कसा थरथरला नाही? नाही थरथरला. जाहिरात लिहिताना त्याला फक्त वाचणारे दिसायचे. जिच्याविषयी लिहितोय ती पोरगी हाडामांसाची असेल, तिला बाप असेल, हे त्याच्या गावीच नव्हतं. त्याच्या लेखी ती रेनकोटातल्या माणसासारखीच होती.

आणि जाहिरात चालली म्हणजे काय चालली. फळ्यापुढं रस्ता अडला. बाबासो लांब पानपट्टीजवळ उभा राहून गर्दी बघत होता, आणि त्याचा ऊर असा भरून येत होता, की विचारू नका. चहाच्या गाड्यावर तर नुसता दरबार भरलेला. दुकान कुठलं का असंना, लग्न मोडल्याचं कोण खोटं लिहील? कुणाचं मोडलं असेल? पेठेत यंदा ठरलेली लग्नं किती, तिथनं सुरुवात झाली. वरच्या गल्लीतल्या शिवानीचं? छे, तिचं मागच्याच आठवड्यात उरकलं. बोळातल्या पोरीचं? तिचा साखरपुडा अजून व्हायचाय. एकेक नाव पुढं यायचं, एकेक गळायचं. बाबासो तिथं जाऊन बसला, त्यानं मजेनं त्यात दोन नावं आपल्या पदरची घातली. दुसऱ्या दिवशीही तो गेला. तिसऱ्या दिवशी गेला, तर तो येताना बघून सगळा गाडा एकदम गप्प झाला. एकानं उठून त्याला बसायला जागा दिली. चहावाल्यानं न मागता चहा दिला, आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला, व्हतंय असं कधी कधी, पेंटर.

बाबासोला वाटलं, कलेची कदर झाली.

तरंगतच तो घरी आला. दारात चपलांचा ढीग. आत शेजारची चिमणाबाई आणि तिच्याबरोबर गल्लीतल्या पाच-सहा बायका भिंतीला टेकून बसलेल्या, आणि मधे मीनाबाई डोळ्याला पदर लावून. चुलीपाशी झाकून ठेवलेली भाकरी आणि पिठलं. चिमणाबाईनं आणलेलं. आमच्याकडं ज्या घरात दुःख होतं, त्या घरात चूल पेटवायची नाही, शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी आणून द्यायची, ही रीत आहे. बाबासोनं ती झाकलेली भाकरी बघितली. त्याला वाटलं, कोण गेलं? त्यानं मीनाबाईला विचारलं तर तिला हुंदक्यापुढं शब्द फुटेना. शेवटी चिमणाबाईच म्हणाली, "पोरीचं मोडलं ते मोडलं, दुसरं मिळंल. पर तुमी फळ्यावर लिवायला नको व्हतं."

मग त्याच्या टाळक्यात शिरलं. यंदा ठरलेल्या लग्नांतनं एकेक नाव गळत गळत गाडं कुणापाशी येऊन थांबलं होतं, ते. त्यानं अर्धी बातमी मोकळी सोडली होती, आणि उरलेली अर्धी लोकांनी त्याच्याच पोरीला घालून पुरी केली होती. निशा आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी होती. रडत नव्हती. बापाकडं नुसती बघत होती. त्या बघण्यानं बाबासोला जमीन फाटून आत जावं असं झालं.

पेठेचं एक वेळ निस्तरता आलं असतं. पण फळ्याची ओळ पेठेत थांबणारी नव्हती. ती सकाळच्या एस.टी.नं कागलला गेली होती. दुसऱ्या दिवशी लग्न जमवणारा ज्ञानू लुनावरनं धापा टाकत आला. त्यानं आणलेला निरोप असा, की आण्णांच्या डोक्यात जाळ झालाय. कोल्हापूरच्या चौकात लग्न मोडल्याचं लिहिलंय, आणि लिहिणारा कोण, तर खुद्द नवरीचा बाप. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर आण्णांनी कंडी म्हणून सोडून दिलं असतं. पण ज्याची पोर त्याच्याच हातचं अक्षर म्हटल्यावर शंकेला जागा कुठं राहिली? मोडायचं होतं तर घरी येऊन, तोंडावर सांगून मोडायचं. फळ्यावर कशापायी? तुम्ही कसलं मोडता, आता आम्हीच मोडतो. आणि रविवारी आण्णा दुसरी पोरगी बघायला निघालेत, असंही ज्ञानूनं जाता जाता सांगितलं.

बाबासो उठला तो अनवाणीच चौकात पळाला. आता रविवारपर्यंत थांबायला कुणाला सवड आहे? त्यानं पुढची ओळ तिथल्या तिथं, मोठ्या अक्षरात लिहून टाकली: 'ही जाहिरात होती. कारण शालू हंबीररावांच्या दुकानातला नव्हता.' लिहून घाम पुसला, आणि वाटलं, सुटलो.

कसला सुटतोय. संध्याकाळपर्यंत अख्ख्या पेठेला कारण मिळालं होतं. ऐकलासा काय, पेंटरच्या निशाचं शालूवरनं मोडलं. पहिल्या ओळीत त्यांना पोरगी सापडली होती, दुसऱ्या ओळीत कारण सापडलं. 'ही जाहिरात होती' या शब्दांवरनं नजर घसरून पुढं गेली. फळ्यावर असलं काहीतरी असतंच, ते कोण वाचतंय. हंबीरराव वेगळाच तापला. रविवारची ओळ गुरुवारी फोडलीस, माझी तीन दिवसांची खाज वाया घालवलीस, म्हणून त्यानं भर बाजारात बाबासोला झापलं.

आणि ही दुसरी ओळ कागलला पोचल्यावर तर कहरच झाला. आण्णांचं म्हणणं, आम्ही शालूवरनं भांडलो? आमच्यात नवरी पांढऱ्या साडीत उभी राहते, साऱ्या समाजाला ठाऊक आहे. आम्ही धम्माप्रमाणं चालणारी माणसं, आणि आमच्यावर बनारसी शालूचा आळ?

मीनाबाईनं दोन दिवस नवऱ्याशी बोलणं टाकलं होतं. त्या संध्याकाळी ती पहिल्यांदा बोलली. म्हणाली, मरण आणि आजारपण तेवढं सोडलंत. जितं माणूस सोडायचं तुमच्या नियमात नव्हतं का? ज्या माणसाकडं रोज नवी ओळ तयार असायची, तो भिंतीकडं तोंड करून रडला.

शुक्रवारी अझीमनं रिक्षा दारात आणली. चल कागलला, म्हणाला. बाबासो माईक घेऊन पुढं बसला, आणि मागच्या सीटवर निशा येऊन बसली. लग्नाआधी पोरीनं सासरच्या दारात पाऊल टाकायचं, हे ऐकून मीनाबाईनं डोक्याला हात लावला. निशा म्हणाली, पप्पांच्या भरवशावर सोडलं तर आज ते कागलात तिसरी ओळ सोडून येतील.

कागलात शिरल्या शिरल्या बाबासोनं भोंगा सुरू केला. त्याला वाटलं, गावभर जे पसरलंय ते गावभरच धुऊन काढावं. "कागलकर बंधू-भगिनींनो, माझ्या मुलीचं लग्न मोडलेलं नाही. ठरल्याप्रमाणं होणार आहे. फळ्यावरची ती जाहिरात होती." आयुष्यात पहिल्यांदा त्यानं भोंग्यावरनं पुरी बातमी दिली होती, शेंड्यापासून बुडख्यापर्यंत. बाजारपेठेतली माणसं थांबली, कान देऊन ऐकलं, आणि तशीच उभी राहिली. रिक्षा पुढं गेली तशी तीही पुढं आली. शेवटी एका दुकानदारानं रिक्षाच्या आत डोकं घालून विचारलं, "हे झालं. पुढं काय? दुकान कुठलं?"

बाबासो म्हणाला दुकान नाही. तो माणूस डोळा मारून म्हणाला, कळलं, रविवारी सांगणार. अझीमनं हात लांब करून भोंगा बंद केला.

आण्णा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. या म्हणाले नाहीत, बसा म्हणाले नाहीत. "पावणं," ते म्हणाले, "एका वाक्यात सांगा. मोडलं का न्हाई?"

आता सांगायचा होता एकच शब्द, न्हाई. पण जन्माची सवय हो. बाबासोनं हात जोडले, घसा साफ केला आणि म्हणाला, "आण्णा, खरी गोष्ट ऐकलीसा तर तुमी सुन्न व्हाल." आणि थांबला. मुद्दाम थांबला नाही बिचारा. त्याचं वाक्यच तिथं थांबायला शिकलेलं होतं. आण्णा खुर्चीतनं उठले आणि घरात निघाले.

तेव्हा निशा रिक्षातनं उतरली. पदर सारखा केला, पुढं आली, आण्णांना जयभीम घातला. "आण्णा, लग्न मोडायचं असतं तर मी इथं येऊन मोडलं असतं. मला प्रसेनजीतशीच करायचंय. पप्पांनी साडीच्या दुकानाची जाहिरात लिवलती, लोकांनी ती माझ्या नावावर लावली. चूक पप्पांची हाय. माझी न्हाई, तुमचीबी न्हाई."

आण्णा उंबऱ्यात थबकले. जन्मभर काट्यावर उभा राहिलेला माणूस. भरलेलं काय आणि पोकळ काय, त्याला लगेच कळतं. आतनं प्रसेनजीतही बाहेर आला होता, पण बापापुढं त्याच्या तोंडातनं ब्र निघत नव्हता. नुसता निशाकडं बघून लाल झाला होता. आण्णा परत येऊन खुर्चीत बसले आणि बायकोला चहा टाकायला सांगितला. मग बाबासोकडं बोट करून म्हणाले, "लगीन होईल. पर एक अट. लग्नात ह्यांच्या हातात माईक द्यायचा न्हाई."

बाबासोनं अट मान्य केली. त्या दिवशी त्याला जीभ काढून ठेवा म्हटलं असतं तरी त्यानं ठेवली असती.

लग्न पुढच्या महिन्यात, ठरलेल्या रविवारी, ठरलेल्या हॉलमध्ये लागलं. पत्रिका वाटल्या होत्या त्याच्या दुप्पट माणूस आलं. पेठ लोटली, कागल लोटलं, ज्यांना बोलावणं नव्हतं तेही आले. मीनाबाई जेवणाच्या काळजीनं हवालदिल झाली. सगळ्यांना एकच बघायचं होतं, की आता मोडतंय का मग मोडतंय. निशा पांढऱ्या साडीत उभी राहिली, साधी आणि देखणी, आणि बायका माना उंच करून एकमेकींना विचारत होत्या, हा शालू हंबीररावचा म्हणायचा का? बौद्धाचार्यांनी बुद्धवंदना घेतली, पंचशील सुरू झालं. चौथं शील आलं, आणि सगळा हॉल एकदम बाबासोकडं वळला. बाबासोनं ते शील एवढ्या मोठ्यानं म्हटलं, की बौद्धाचार्य दचकले. मग प्रतिज्ञा झाल्या, हार घातले, फुलं पडली, लग्न लागलं. आण्णांनी सुस्कारा सोडला.

आणि माणसं उठेनात.

जेवण तयार आहे असं दोनदा सांगून झालं. कोणी जागचं हलत नव्हतं. सगळे समोर बघत बसलेले. चिमणाबाई तर चांगली मांडी ठोकून बसली होती. बौद्धाचार्यांना हा प्रकार ठाऊक नव्हता. ते म्हणाले, आता वधूपिता आभाराचे दोन शब्द बोलतील, मग भोजनाला जावं. आण्णांनी झटकन मान वर केली. पण भरल्या मंडपात नाही कसं म्हणायचं? त्यांनी बाबासोकडं रोखून बघितलं आणि एक बोट वर केलं. एकच वाक्य.

बाबासोनं माईक हातात घेतला. त्यानं खरंच एकच वाक्य ठरवलं होतं. माझी निशा आज सासरी चालली, सर्वांनी जेवून जावं. साधं, पुरं, टिंब देऊन संपवलेलं. तो म्हणाला, "माझी निशा आज" आणि त्याची नजर तिच्यावर गेली.

समोर हार घातलेली पोरगी, जिला त्यानं फळ्यावर अक्षरं गिरवायला शिकवलं होतं. जिचं नाव त्याच्याच खडूनं पेठेच्या तोंडी दिलं होतं, आणि जिनं घरात त्याला एका शब्दानं बोल न लावता, आण्णांच्या अंगणात मात्र चूक त्याचीच म्हणून ठणकावून सांगितलं होतं. त्याचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. डोळ्यांतनं धारा लागल्या. अझीम धावत माईकच्या मशीनजवळ गेला, त्यानं वायर हलवून बघितली. वायर घट्ट होती.

सगळा हॉल पुढं वाकला. श्वास धरून बसला. त्या शांततेत चिमणाबाई शेजारणीच्या कानात म्हणाली ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "आता सांगतंय बग दुकानाचं नाव."

बाबासोनंही ते ऐकलं. त्यानं मान हलवली, नाही, नाही, असं हातानं सांगितलं, आणि त्याला आणखीच भरून आलं. निशा पुढं आली. तिनं बापाच्या हातातनं माईक घेतला. "मी आज सासरी निघाली. पप्पांना बोलवंना. एवढंच हाय, पुढं काय न्हाई. जेवून जावा."

मग पहिल्या रांगेतनं हंबीरराव उठला. त्यानं जोरात टाळ्या वाजवल्या आणि म्हणाला, "वा पेंटर. काय थांबलायसा, वा." त्याच्या मागनं कागल उठलं, पेठ उठली, सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. एवढ्या टाळ्या बाबासोला आयुष्यात कधी मिळाल्या नव्हत्या. तो पोरीच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडत होता, आणि तो जसजसा रडत होता, तसतशा टाळ्या वाढत होत्या. जेवायला जाताना लोक अझीमला गाठून विचारत होते, दुकानाचं नाव कधी सांगणार, येत्या रविवारी का त्याच्या पुढच्या?